तंजावरचा मुक्काम : छत्रापासून हॉटेलपर्यंत

व्यवसायानिमित्त परगावी जाणाऱ्या माणसाच्या कामाचे यश बैठकीच्या खोलीतच ठरते असे नाही. आदल्या रात्री त्याला झोप कशी लागली, सकाळी पाणी वेळेवर मिळाले की नाही आणि परत आल्यावर त्याने सादर केलेले बिल लेखा विभागाने मान्य केले की नाही, यांवरही ते अवलंबून असते. मुक्काम हा प्रवासखर्चातील एक रकाना असला, तरी तो मुळात विश्वासाचा व्यवहार आहे. अनोळखी गावात, अनोळखी छपराखाली माणूस निश्चिंतपणे डोळे मिटतो, तो या विश्वासावरच. हा विश्वास कशातून निर्माण होतो, याचा अभ्यास करण्यासाठी तंजावरसारखे दुसरे गाव नाही. तेथील मराठी राज्यकर्त्यांनी प्रवाशांच्या मुक्कामाची एक संपूर्ण व्यवस्था उभी केली होती आणि आज त्याच गावात मध्यम दराच्या हॉटेलांत कामानिमित्त आलेले प्रवासी उतरतात.

छत्रांची परंपरा

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले. तेव्हापासून १८५५ पर्यंत, मधला अल्प खंड वगळता, भोसले घराण्याची सत्ता कावेरीच्या या सुपीक खोऱ्यात होती. उत्तरेकडून रामेश्वरास जाणारे यात्रेकरू या मुलखातून जात. त्यांच्यासाठी राजांनी व राण्यांनी मार्गावर छत्रे बांधली. तमिळमध्ये ज्यास ‘छत्रम’ म्हणतात, ते आपल्या ‘अन्नछत्र’ या शब्दातले छत्रच होय. परंतु तंजावरचे छत्र केवळ जेवणाची पंगत नव्हते. धर्मशाळा, भोजनगृह, दवाखाना आणि पाठशाळा या चारही गोष्टी तेथे एका आवारात असत.

बहुतेक छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत. निडामंगलम येथील छत्र यमुनांबा यांच्या नावाचे आहे. तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाताना सुमारे २५ किलोमीटरवर ओरत्तनाडू लागते. तेथील मुक्तांबा छत्र सरफोजी राजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी उभारले. गाव लहान असले, तरी त्या वास्तूचा विस्तार पाहिला की येथे एका वेळी किती माणसे उतरत असतील याची कल्पना येते.

सरफोजी राजांचे पत्र

या व्यवस्थेचे सर्वांत नेमके वर्णन स्वतः सरफोजींनीच करून ठेवले आहे. त्यामागची परिस्थिती ध्यानात घेण्याजोगी आहे. १७९९ च्या तहान्वये तंजावरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला, वार्षिक एक लक्ष पगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. छत्रांचा खर्च ज्या गावांच्या उत्पन्नातून चालत असे, ती गावे आता कंपनीच्या अमलाखाली आली होती. अशा वेळी, १८०१ साली, अवघ्या तेवीस-चोवीस वर्षांच्या या राजाने कंपनीच्या रेसिडेंटला एक सविस्तर पत्र लिहिले. पत्राचा विषय छत्रे हा होता. आपल्या पूर्वजांनी चालवलेला हा धर्म पुढे चालू राहावा, अशी विनंती त्यात होती.

छत्रात काय मिळते, हे त्या पत्रात एकेक कलम करून सांगितले आहे. ब्राह्मणापासून समाजाने सर्वांत खालचा मानलेल्या माणसापर्यंत, तसेच जोगी, जंगम, बैरागी अशा प्रत्येक वाटसरूस शिजवलेला भात मिळे. ज्यास शिजवलेले अन्न घ्यावयाचे नसे, त्यास कोरडा शिधा मसाल्यासह दिला जाई. अन्नछत्रात जेवून वर मिरपूड मागू नये, अशी म्हण मराठीत आहे. तंजावरच्या छत्रात ती मिरपूड न मागताच मिळत असे. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवून, अद्याप कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने येऊन जेवावे, असा पुकारा होई. वाटेत आजारी पडलेल्या प्रवाशास औषध व पथ्याचे अन्न मिळे आणि तो बरा होईपर्यंत त्याची आस्थेने सेवा केली जाई. प्रवासात मरण पावलेल्यांची पोरकी मुले छत्रातील पंतोजींच्या स्वाधीन केली जात. त्यांचे अन्नवस्त्र, शिक्षण आणि पुढे विवाहाचा खर्चही छत्राकडेच असे.

राज्य गेलेल्या राजाने आपल्या मानमरातबासाठी भांडावे, हे स्वाभाविक असते. सरफोजींनी वाटसरूच्या रात्रीच्या भातासाठी आणि आजाऱ्याच्या औषधासाठी शब्द टाकला, यातच या पत्राचे मोल आहे. छत्रांचा कारभार पुढे राजांकडे राहिला आणि ओरत्तनाडूचे मोठे छत्र त्यानंतरच्या काळातच नावारूपास आले.

व्यवस्थेमागील हिशोब

येथे बँकेच्या ग्राहकांना आणि कर्मचाऱ्यांना विशेष जिव्हाळ्याचा वाटेल असा मुद्दा आहे. प्रवाशाकडून एक पैही न घेता ही सेवा पिढ्यान् पिढ्या कशी चालली? केवळ राजाच्या औदार्यावर ती चालली असती, तर एका राजाबरोबर सुरू होऊन त्याच्याबरोबरच संपली असती. प्रत्येक छत्रास ठरावीक गावांचे उत्पन्न कायमचे लावून दिलेले होते. मूळ संपत्तीस हात न लावता तिच्या उत्पन्नातून खर्च भागवावयाचा, हेच तत्त्व आजच्या कायम निधीच्या मुळाशी आहे. राजवाड्याच्या दप्तरात जमाखर्च मराठीत व मोडी लिपीत लिहिला जाई आणि त्या दप्तराचे मोडी कागद अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात.

१८५५ साली शेवटचे राजे शिवाजी यांचे पुरुष वारसाविना निधन झाले आणि कंपनीने राज्य खालसा केले. छत्रांची व्यवस्था सरकारकडे व पुढे जिल्हा मंडळाकडे गेली. रेल्वे आली, पायी यात्रा कमी झाली आणि छत्रांचे मूळ प्रयोजनही उणावले. काही वास्तूंत शाळा व विद्यार्थ्यांची वसतिगृहे भरली, काहींची पडझड झाली. राज्य बुडाल्यानंतरही त्या निधीतून काही ना काही लोकोपयोगी कार्य होत राहिले, हे उत्पन्नाच्या पक्क्या तरतुदीचे फळ होय.

आजच्या प्रवाशाचा मुक्काम

भातगिरण्यांची यंत्रे, अन्नप्रक्रिया, तंजावर शैलीची चित्रे, वीणा, स्वामीमलईच्या पंचधातूच्या मूर्ती अशा अनेक कारणांनी महाराष्ट्रातील व्यावसायिक तंजावरास जातात. शहरात राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता व व्यवस्थापन संस्था आहे. तेथेही प्रशिक्षणासाठी उद्योजक येतात. जवळचा विमानतळ सुमारे साठ किलोमीटरवर तिरुचिरापल्ली येथे आहे.

हॉटेल निवडताना प्रथम जागा पाहावी. रेल्वे स्थानकापासून जुन्या शहराकडे जाणाऱ्या गांधीजी रस्त्यावर व त्याच्या आसपास मध्यम दराची अनेक हॉटेले आहेत. तिरुचिरापल्लीहून येणाऱ्या बहुतेक बसगाड्या मात्र शहराबाहेरच्या नव्या बसस्थानकावर थांबतात. स्थानक ‘जवळ’ असल्याचे हॉटेलने सांगितले, तर कोणते स्थानक, हे विचारून घ्यावे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तमिळनाडूत ‘हॉटेल’ अशी पाटी असलेल्या पुष्कळ ठिकाणी आपल्याकडच्याप्रमाणेच केवळ खाण्याची सोय असते. राहण्याची सोय ‘लॉज’ किंवा ‘रेसिडेन्सी’ या नावाने शोधावी लागते.

तारीख ठरवताना तेथील दिनदर्शिका समोर ठेवावी. जानेवारीच्या मध्यास पोंगल असतो. त्या दिवसांत कार्यालये व पेढ्या सलग बंद राहतात आणि गाड्यांना गर्दी उसळते. पौष वद्य पंचमीच्या सुमारास तिरुवैयारु येथे त्यागराजांचा आराधना उत्सव असतो. तेरा किलोमीटरवरच्या या उत्सवामुळे तंजावरच्या खोल्या आधीच भरतात. लग्नाच्या मुहूर्तांनाही हीच स्थिती असते. अशा वेळी आरक्षणाची लेखी पोच हाती असल्यावाचून निघू नये.

वेळेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. काही हॉटेलांत खोलीचा दिवस दुपारी बारापासून मोजतात, तर काही ठिकाणी प्रवेशाच्या क्षणापासून चोवीस तास धरतात. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने येणारा प्रवासी पहाटे उतरतो. पहाटे पाचला खोली घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटे ती सोडणाऱ्यास चोवीस तासांच्या पद्धतीत एकाच दिवसाचे भाडे पडते. दुपारी बाराच्या पद्धतीत त्याच मुक्कामाचे दोन दिवसांचे भाडे लागू शकते. सकाळच्या न्याहारीचा दरात समावेश आहे काय, हेही त्याच वेळी स्पष्ट करून घ्यावे.

दर, कर आणि बिल

२२ सप्टेंबर २०२५ पासून, ज्या खोलीचा दर दिवसास ७,५०० रुपयांपर्यंत आहे तिच्यावर वस्तू व सेवा कर ५ टक्के झाला. त्याआधी तो १२ टक्के होता. दोन हजार रुपयांच्या खोलीत दोन रात्री काढल्यास पूर्वी चार हजारांवर ४८० रुपये कर होई, तो आता २०० रुपये होतो. परंतु या सवलतीस दुसरी बाजू आहे. ५ टक्क्यांच्या या दरात हॉटेलला आपल्या खरेदीवरील कराची वजावट घेता येत नाही. त्यामुळे मूळ दरच थोडा वाढलेला आढळू शकतो. म्हणून तुलना नेहमी करासह एकूण रकमेची करावी.

पुष्कळ संस्थांच्या लेखा विभागांत गोंधळ उडवणारी बाब निराळीच आहे. हॉटेलच्या निवासावरील कराच्या बाबतीत सेवेचे ठिकाण हॉटेल जेथे आहे तेथले मानले जाते. त्यामुळे पुण्याच्या कंपनीचा प्रतिनिधी तंजावरला राहिला, तर बिलावर केंद्राचा व तमिळनाडू राज्याचा कर लागतो. महाराष्ट्रातील नोंदणीवर त्याची वजावट मागता येत नाही. तरीही बिल संस्थेच्या नावाने व नोंदणी क्रमांकासह घ्यावे, कारण खर्चाचा पुरावा म्हणून तेच ग्राह्य धरले जाते.

उपाहारगृहाच्या बिलात ‘सेवा आकार’ परस्पर जोडलेला आढळल्यास तो काढण्यास सांगण्याचा ग्राहकास अधिकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ही रक्कम ऐच्छिक आहे. कर मात्र ऐच्छिक नाही, हा भेद ध्यानात असावा.

चार-पाच सहकाऱ्यांचे एकत्रित बिल रोखीने देणे टाळावे. व्यवसायाच्या खर्चापोटी एका दिवसात एकाच व्यक्तीस किंवा संस्थेस १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास, काही अपवाद वगळता, आयकरात तो खर्च वजावटीस पात्र ठरत नाही.

सावधगिरी

खोली आरक्षित करताना दूरध्वनी क्रमांक हॉटेलच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा जुन्या बिलावरून घ्यावा. प्रसिद्ध हॉटेलांच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून आगाऊ रक्कम लाटण्याचे प्रकार घडतात. परतावा मिळण्यासाठी यूपीआय पिन टाकण्याची कधीही गरज नसते. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच बँकेस कळवावे व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका विलंब, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

प्रवेशाच्या वेळी ओळखपत्र द्यावे लागते. तेथे आधारची मुखवटा प्रत दिल्यास क्रमांकाचे केवळ शेवटचे चार अंक दिसतात. कार्डावर अनामत रक्कम रोखून धरली असल्यास, निघताना ती मोकळी करण्यास सांगून त्याची पोच घ्यावी. डेबिट कार्डाच्या बाबतीत ही रक्कम स्वतःच्या खात्यातलीच अडकते आणि ऐन वेळी दुसरे देणे थांबू शकते.

मुक्कामाची कसोटी

छत्र विनामूल्य होते, हॉटेल मोबदला घेते. तरी प्रवाशाची अपेक्षा दोन्ही ठिकाणी सारखीच आहे. सरफोजींच्या पत्रातील कलमे आजही हॉटेलची परीक्षा घेण्यास पुरेशी आहेत. मध्यरात्री पोहोचणाऱ्यास जेवण मिळेल काय, पथ्याचे अन्न मागितल्यास देतील काय, रात्री प्रकृती बिघडल्यास वैद्य कोण बोलावील, हे तीन प्रश्न आरक्षणाच्या वेळीच विचारावेत. खोलीतील दूरचित्रवाणीच्या आकारापेक्षा त्यांची उत्तरे अधिक मोलाची असतात.

काम आटोपल्यावर अर्धा दिवस हाती उरला, तर बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ चा प्रदीर्घ मराठी शिलालेख पाहावा आणि तेथून ओरत्तनाडूला जाऊन यावे. रात्री उशिरा येणाऱ्या अनोळखी माणसासाठी भात राखून ठेवणारी आणि त्याच्यासाठी घंटा वाजवणारी व्यवस्था मराठी माणसांनी आपल्या घरापासून इतक्या दूर उभारली होती, हे त्या छत्रासमोर उभे राहिल्यावर अधिक चांगले समजते.