गुणपत्रिका नव्हे, प्रश्नपत्रिका मागा

सांगलीहून चेन्नईच्या वेस्ट मांबलमला येऊन आम्हाला आता २६ वर्षं होतील. ह्यांची बँकेतली बदली म्हणून आलो आणि इथलेच झालो. आर्य गौडा रोडच्या आतल्या गल्लीत आमचं घर. पुढच्या खोलीत मी संख्याशास्त्राच्या शिकवण्या घेते. ज्या घरातलं कुणीच अमेरिकेत नाही, असं घर या भागात शोधावं लागतं. अयोध्या मंडपमला प्रवचनाला गेलं की शेजारच्या मामी हमखास विचारतात, "मुलगा कुठे असतो?" २०२२मध्ये आमचा धाकटा एम.एस.ला गेला, तेव्हापासून मीही अभिमानाने उत्तर देऊ लागले. मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला वेळेवर कळावं, म्हणून आज हे लिहिते आहे.

चार नामांकित विद्यापीठांतून नकार आला होता. पाचवं नाव परदेशी प्रवेश मिळवून देणाऱ्या कन्सल्टन्सीने सुचवलेलं. तिथून आठ दिवसांत प्रवेशपत्र आलं, जीआरई ही प्रवेशपरीक्षासुद्धा मागितली नाही. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, सांगलीचं घर तारण ठेवून कर्ज काढलं. पहिल्या सत्रात त्याला सगळ्या विषयांत ए मिळाला, दुसऱ्यातही. मी गल्लीभर पेढे वाटले.

नाताळच्या सुट्टीत तो घरी आला, तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर मी सत्रपरीक्षेची प्रश्नपत्रिका पाहिली. वीस प्रश्न, सगळे पर्याय निवडण्याचे. पुस्तक उघडून सोडवायची, सात दिवसांत केव्हाही. दोनदा देता येते, जास्त गुण ज्यात पडतील ते धरायचे. त्या विसांपैकी चौदा प्रश्न मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घालते. मी त्याला सहज विचारलं, "पी-व्हॅल्यू म्हणजे काय रे? तुझ्या शब्दांत सांग." तो म्हणाला, "०.०५पेक्षा कमी आली की झालं, आई. आकडा सॉफ्टवेअरच काढून देतं."

नियम पाठ होता, अर्थ माहीत नव्हता. बारावीत एखादी सिद्धता जमेपर्यंत न झोपणारा हा मुलगा. त्याची बुद्धी कुठे गेली नव्हती; तिला कुणी कामालाच लावलं नव्हतं. मला त्याच क्षणी सगळं समजलं होतं. पण कर्ज डोळ्यांपुढे होतं आणि वाटलेले पेढेही. मी गप्प बसले, आणि तीच माझी मोठी चूक झाली.

पदवी मिळाली. नोकरीच्या मुलाखतींत पहिल्या दहा मिनिटांतच असेच मुळातले प्रश्न येत आणि तो अडखळे. शिक्षणानंतर तिथे काम करण्याची जी परवानगी मिळते, त्या ओपीटीच्या पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त काळ बेकार राहता येत नाही. दिवस संपले, तो परत आला. वर्षभर माझ्यासमोर बसून त्याने पुन्हा पायापासून अभ्यास केला. आज चेन्नईतच चांगल्या नोकरीला आहे. कर्जाचे हप्ते मात्र अजून चालू आहेत.

हे फक्त आमच्याच नशिबी आलं असं समजू नका. अमेरिकेत रिचर्ड अरम आणि जोसिपा रोक्सा या दोन समाजशास्त्रज्ञांनी २०११मध्ये दाखवून दिलं की पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत ४५ टक्के विद्यार्थ्यांच्या विचारक्षमतेत नोंद घेण्याजोगी वाढच होत नाही. गुण मात्र वाढतच गेले. हार्वर्डच्याच २०२५च्या अहवालानुसार तिथे दिल्या गेलेल्या श्रेणींपैकी ६० टक्क्यांहून अधिक ए होत्या. त्याआधी वीस वर्षांपूर्वी त्या साधारण पाव होत्या. अमेरिकेतले निम्म्याहून अधिक प्राध्यापक कायम नेमणुकीचे नाहीत. विद्यार्थ्यांनी भरलेल्या अभिप्रायावर त्यांची पुढची नेमणूक अवलंबून, मग कडक गुण कोण देणार? काही लहान खासगी संस्थांचा तर संसारच परदेशी मुलांच्या फीवर चालतो. नापास केलेला मुलगा म्हणजे बुडालेली फी. उत्तम विद्यापीठं तिथे आजही आहेत. पण 'अमेरिकेची पदवी' एवढ्या दोन शब्दांवर आता विसंबून चालणार नाही.

म्हणून माझं सांगणं असं :

आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठाने द्यायचा दाखला, आला म्हणजे संस्था चांगली, असं मानू नका. कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीला आय-२० देण्याची सरकारी परवानगी होती. जानेवारी २०११मध्ये तिच्यावर छापा पडला. बहुसंख्य विद्यार्थी भारतीय होते, काहींच्या पायांत पाळतीची यंत्रं बांधली गेली. संस्थापिकेला २०१४मध्ये सोळा वर्षांहून अधिक शिक्षा झाली.

अॅक्रेडिटेशन, म्हणजे विद्यापीठाच्या दर्जाची मान्यता, अमेरिकी शिक्षण खात्याच्या यादीत स्वतः तपासा, आणि ते कुणी दिलंय तेही पहा. अॅक्रेडिटेशन देणाऱ्या एसीआयसीएस या संस्थेची स्वतःची मान्यताच २०२२मध्ये त्या खात्याने काढून घेतली.

कन्सल्टन्सीला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं का, हे तोंडावर विचारा. चेन्नईत जेमिनी पुलाजवळच्या अमेरिकी वकिलातीत एज्युकेशनयूएसए या अमेरिकी सरकारच्या सल्लासेवेचं मार्गदर्शन मिळतं. तिथे आधी जा.

कन्सल्टन्सीने गाठ घालून दिलेल्या माजी विद्यार्थ्यांशी बोलून थांबू नका. दोघे-तिघे आपले आपण शोधा. त्यांना पगार विचारू नका. "तुमच्या वर्गात कुणी नापास झालं का?" एवढंच विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेल्या सत्राची एक प्रश्नपत्रिका आणि एक स्वाध्याय मागवा. तो विषय शिकवणाऱ्या इथल्या एखाद्या शिक्षकाला दाखवा. अर्ध्या तासात तो तुम्हाला संस्थेची पातळी सांगेल. प्रश्नपत्रिका मिळतच नसेल, तर तेही उत्तरच समजा.

मुलगा तिकडे गेलेला असेल तर सुट्टीत त्याचे गुण पाहू नका. शेजारी बसवून, शिकलेली एक गोष्ट त्याच्याकडून समजून घ्या. आपल्याला तो विषय कळत नसला तरी मुलाला तो कळलाय की नाही, हे आईबापांना कळतं. नसेल कळला, तर त्याच दिवशी बोला. विद्यापीठ बदलायला पहिल्या सत्रात वाव असतो, पदवीनंतर नसतो. मी बोलले नाही. तुम्ही बोला.