कधीची हाक मारतेय!

मराठी माध्यमाच्या शाळेत मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवत आलोय. इंग्रजीच्या बारा काळांपैकी मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ती चालू पूर्ण काळांपाशी. इतक्या वर्षांत जे हाती लागलं, ते इथे मांडतो.

१. सूत्र आधी फळ्यावर लिहू नये. सुरुवातीला मी तेच करायचो: कर्ता, मग हॅव किंवा हॅज, मग बीन, मग आयएनजी लावलेलं क्रियापद. मुलं घोकायची, परीक्षेत रिकाम्या जागा बरोबर भरायची. आणि त्याच मुलांच्या रजेच्या अर्जात वाक्य असायचं, 'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स टू डेज.' सूत्र पाठ होतं. ते कुठे लावायचं, हे मी शिकवलंच नव्हतं.

२. ही चूक आळसातून होत नाही, मराठीतून येते. 'दोन दिवसांपासून ताप येतोय.' आपल्याकडे 'पासून' म्हटलं की सुरुवात सांगून झाली, क्रियापद निवांत वर्तमानात राहतं. इंग्रजीत ती सुरुवात क्रियापदालाही वागवावी लागते. हॅव बीन त्यासाठीच येतं.

३. उत्तरही मराठीतच सापडतं. आठवीच्या वर्गात एकदा विचारलं, 'आई जेवायला बोलावते आणि तुम्ही जागचे हलत नाही, तेव्हा ती काय म्हणते?' मागच्या बाकावरची एक मुलगी थेट आईच्या सुरात म्हणाली, 'कधीची हाक मारतेय, ऐकू येत नाही का?' वर्ग हसला. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि 'कधीची'खाली रेघ ओढली. हाक मारणं सुरू कधी झालं? मघाशी. थांबलं का? नाही. आई वैतागली कशाला? इतका वेळ गेला म्हणून. मग खाली लिहिलं, 'आय हॅव बीन कॉलिंग यू.' हॅव बीन म्हणजेच 'कधीची', हे मुलांनीच सांगितलं. वर मी 'शिकवत आलोय' असं लिहिलं, तोही हाच काळ. त्यातल्या 'आलोय'च्या शेजारी बीन ठेवून पाहा.

४. सिन्स की फॉर, हे 'झाले' लावून ठरवावं. 'पासून'वर विसंबू नये, कारण ते दोन्हीकडे येतं. 'दोन दिवसांपासून' हे 'दोन दिवस झाले' असंही म्हणता येतं, म्हणून फॉर टू डेज. 'सोमवारपासून'ला तसं वळवता येत नाही, म्हणून सिन्स मंडे.

५. काम किती झालं हे मोजून सांगायचं असेल, तर आयएनजी सोडून द्यावं. सकाळपासून पत्रं लिहितेय, तर हॅव बीन रायटिंग. तीन पत्रं लिहून झाली, तर हॅव रिटन. ओळखणं, माहीत असणं या क्रियापदांनाही ते चालत नाही: 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स.'

६. काम थांबलेलं असलं तरी हा काळ चालतो. हे मला बऱ्याच उशिरा उमगलं आणि अजूनही तेच सगळ्यात आवडतं. मुलगी घरात येते, डोळे लाल दिसतात. आपण विचारतो, 'रडत होतीस का?' मराठी इथे भूतकाळात जाते. इंग्रजी विचारते, 'हॅव यू बीन क्राइंग?' रडणं संपलंय, पण लाल डोळे आत्ता समोर आहेत, म्हणून इंग्रजी वर्तमान सोडत नाही. पाऊस थांबलाय, रस्ता ओला आहे: 'इट हॅज बीन रेनिंग.' मुलांना आधी खूण दाखवावी, वाक्य मागून येतं.

७. हॅड बीनसाठी वेगळं काही शिकवावं लागत नाही. 'कधीची' तीच, फक्त ती आजपर्यंत न मोजता मागच्या एखाद्या घटनेपर्यंत मोजायची. एसटी आली, तोवर आम्ही तासभर वाट बघत होतो: 'वी हॅड बीन वेटिंग फॉर ॲन अवर व्हेन द बस केम.' विल हॅव बीन रोजच्या बोलण्यात क्वचित लागतं, त्यावर तास घालवू नये.

इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती आहे: हा धडा घ्याल तेव्हा पहिलं वाक्य मुलांच्या घरातलं घ्या.