माझी पिल्लं थंडीनं गेली नाहीत

"वहिनी, काळजी करू नका. आत्ताच टॉर्च मारून बघितलं. कशी गपगार झोपलीत, एक चिवचिव नाही."

पहाटे साडेपाचला दिरांचा फोन आला आणि मी नाशिकच्या दवाखान्यातल्या बाकावरून ताडकन उठले. 9 दिवसांच्या 150 पिल्लांवर टॉर्च मारला आणि एकही चिवचिवलं नाही? म्हटलं, "भावजी, पडदे वर करा, दार सताड उघडा." तर म्हणे, "एवढ्या थंडीत?" शेवटी शेजारच्या काकूंना फोन लावला, त्यांनी पळत जाऊन दार उघडलं. साडेसातला मी घरी पोचले तेव्हा 84 पिल्लं गेली होती.

त्या दिवसापासून गावभर एकच ऐकतेय, हिनं बल्ब कमी लावले, पिल्लं थंडीनं गेली. बचत गटाच्या मीटिंगमध्येही तेच. कर्ज गटाचं होतं, त्यामुळे मान खाली घालून ऐकलं. आता लिहिते.

आईला अचानक अॅडमिट केलं म्हणून मी एका रात्रीपुरती गेले होते. जाताना भावजींना सगळं हातानं दाखवलं होतं. 100 वॅटचे 3 पिवळे बल्ब, म्हणजे पिल्लामागे 2 वॅट. पत्र्याचं गोल कडं, खाली इगतपुरीकडून आणलेलं भाताचं तूस. लाइट गेली तर बंबातलं गरम पाणी कॅनमध्ये भरायचं, कॅन गोणपाटात गुंडाळून कड्यात ठेवायचे आणि दोन-अडीच तासांनी पाणी बदलायचं. चार कॅन धुऊन ओळीनं मांडून गेले होते. परत आले तेव्हा ते तसेच कोरडे होते.

रात्री अकराला डीपी उडाली. निफाडची जानेवारीतली थंडी काय असते ते मी सांगायला नको. भावजींनी कोळशाची शेगडी पेटवून खोलीत ठेवली, चारी बाजूंचे पडदे खाली सोडले आणि दाराच्या फटीत पोती कोंबली. वर मला म्हणाले, "द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून आम्ही घड वाचवतो, पिल्लांचं काय घेऊन बसलात?" अहो, बागेवर आभाळ असतं! माझ्या खोलीवर पत्रा होता.

पिल्लं कशानं गेली ते मला दारातच कळलं. थंडी लागलेली पिल्लं एकमेकांवर चढतात, ढीग करतात, खालची चेंगरून मरतात. ढीग कुठेच नव्हता. तुसावर एकेकटी पसरलेली, माना लांब केलेली. दाराजवळची तेवढी धुगधुगत होती. एक उचललं तर अंग अजून कोमट होतं. पिल्लं वेचताना दहा मिनिटांत माझंही डोकं ठणकायला लागलं आणि मळमळलं. पडदा तेव्हाही एकाच बाजूचा वर होता.

दोन पिल्लं पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी फाडून दाखवलं. रक्त लालभडक, फुप्फुसंही तशीच. कोंडलेल्या जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. पिल्लू धडपडतही नाही, झोपल्यासारखं जातं. डॉक्टरांनी हे कागदावर लिहून दिलंय. भावजींनी तो कागद हातातही घेतला नाही. "15 वर्षं कोंबड्या पाळतोय," एवढंच म्हणाले.

म्हणून ज्या बायका यंदा पिल्लं आणणार आहेत त्यांना सांगते. पिल्लं असलेल्या बंद खोलीत शेगडी, घमेल्यातला कोळसा, काही काही नेऊ नका. पडदे तीनच बाजूंनी खाली सोडा आणि वरची वीतभर जागा कायम उघडी ठेवा. गरम हवा वर जाते, थोडी ऊब जाईल, जाऊ दे. वारा पिल्लांच्या अंगावर येऊ नये, एवढंच पडद्याचं काम.

थर्मामीटर भिंतीला टांगू नका. तुसापासून दोन बोटं वर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला धरा. पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी करायचे. पण आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली गोळा झाली तर थंडी, कड्याला चिकटून चोच उघडी ठेवून धापा टाकत असली तर उकाडा, सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा येतोय. सगळीकडे फिरत, टिपत असली की ठीक.

एलईडी बल्बनं ऊब मिळत नाही, उजेडच पडतो. होल्डर चिनी मातीचा घ्या, प्लास्टिकचा वितळतो. बल्ब स्वतःच्या वायरवर कधीही लोंबकळवू नका, साखळीनं आढ्याला बांधा, तुसापासून फूट-दीड फूट वर. खाली पडला तर तूस पेट घेतं. बाकी पाणी स्वच्छ ठेवा, लसी वेळेवर द्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आणि रात्री दुसऱ्याच्या हाती पिल्लं सोपवायची वेळ आली तर वय आणि नातं बघू नका, सांगितलेलं ऐकणारं माणूस बघा. मी शेजारच्या काकूंना सांगायला हवं होतं. दीर घरात असताना बाहेरच्यांना कशाला, असं सासूबाई म्हणाल्या आणि मी गप्प बसले.

रात्री दोनला एकदा उठाच. दारातून टॉर्च मारा. सुखात असलेली पिल्लं जराशी कुरकुरतात, हलतात. थंडी वाजत असली तर कर्कश ओरडतात. काहीच आवाज आला नाही तर दार उघडा, पडदे वर करा आणि कडं उचलून पिल्लं बाहेर मोकळ्या हवेत काढा. थंडीचं नंतर बघता येईल.