दुखणं दिसत नाही, माणसं दिसतात

माझ्या आजाराचं नाव अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस. गारगोटीच्या बाजारात उभं राहून हे नाव उच्चारण्यात अर्थ नसतो, म्हणून मी ‘मणक्याचा संधिवात’ म्हणतो. त्यावर समोरचा हसतो, ‘संधिवात म्हाताऱ्यांना हुतोय की ओ सर.’ हा तसा नाही. हा बहुधा ऐन विशी-पंचविशीत सुरू होतो. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते, पाठीचा कणा जिथं कमरेच्या हाडांना मिळतो तिथं सूज येते, आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहिली तर मणके एकमेकांना चिकटत जातात. बाहेरून यातलं काहीच कळत नाही. हातपाय धड, चेहरा बरा, शर्टाला इस्त्री.

मी भुदरगड तालुक्यातल्या एका हायस्कुलात शिकवतो. निम्म्याहून अधिक आयुष्य या दुखण्यासोबत गेलं. त्यातून माणसांबद्दल जे कळलं ते इथं मांडतो. क्रम महत्त्वाचा नाही.

१. दुखण्याची वेळ सांगावी

साधी कंबरदुखी कामानं वाढते आणि पडून राहिल्यावर उतरते. माझं उलटं आहे. रात्री दोन-तीनच्या पुढं कंबर आखडते, कूस बदलताना जीव जातो, आणि उठून अंगणात फेऱ्या मारल्या की हळूहळू सुटते. सकाळी मोजे घालायला वाकता येत नाही. दहाच्या पुढं मी सरळ होतो, आणि संध्याकाळी नदीकडं झपझप चालत निघालेला दिसतो. हे चालणं माझं औषध आहे. बघणाऱ्याला मात्र एवढंच दिसतं, की सकाळी उशिरा आलेला मास्तर संध्याकाळी हवा खात फिरतोय. ‘रोज पळत्याला बघतोय, ह्याला काय धाड भरलीया?’ हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. रात्रीच्या फेऱ्यांवरून तर गल्लीत निराळ्याच शंका निघाल्या होत्या. त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

‘मला बरं नाही’ असं मोघम सांगितलं की लोक शंका घेतात. ‘सकाळी दहापर्यंत मला काही उचलायला लावू नका, चारनंतर काहीही सांगा’ असं सांगितलं की त्यांना धरायला काहीतरी मिळतं. शाळेतला एक सहकारी वेळापत्रक लागताना माझा पहिला तास स्वतःकडं घेतो आणि त्याचा शेवटचा मला देतो. त्यानं माझे एक्सरे कधी मागितले नाहीत, तब्येतीची चौकशीही तो फारशी करत नाही. वेळापत्रक मात्र दर जूनमध्ये न सांगता बदललेलं असतं.

२. सल्ल्याला हो म्हणावं, पण सगळं करू नये

आमच्याकडं कंबर दुखली की निदान ठरलेलं असतं: ‘मणक्यात गॅप.’ हे सांगायला डॉक्टर लागत नाही, एसटी स्टँडवरचा चहावालाही सांगतो. त्यापाठोपाठ उपायही येतात. कुणी निरगुडीचा शेक सांगतं, कुणी अमक्या गावच्या माणसाकडून कंबर ओढून आणायला सांगतं. सगळ्यात जास्त मिळणारा सल्ला ‘विश्रांती घ्या’, आणि या आजारात तोच सगळ्यात घातक. माझे डॉक्टर पहिल्याच भेटीत म्हणाले होते, की पडून राहशील तर लाकूड होशील.

मी हल्ली ‘बघतो’ म्हणतो. वाद घालण्यात सकाळची ताकद घालवत नाही.

३. ज्याचा उपाय फसला तरी जो येत राहतो, तो आपला

हे मला तात्यांमुळं समजलं. तात्या म्हणजे माझे चुलते. निदान व्हायच्या आधीच्या दिवसांत ते मला मोटारसायकलवर बसवून लांबच्या एका गावी घेऊन गेले. तिथला माणूस कागदात बांधलेली पुडी द्यायचा. पुडीवर नाव नाही, आत काय आहे ते विचारायचं नाही. तीन दिवसांत मी वाऱ्यासारखा चालायला लागलो. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले. महिना-दोन महिन्यांत चेहरा सुजून गोल झाला, आणि पुडी बंद केली की दुखणं दुपटीनं उसळू लागलं. अशा पुड्यांत बहुतेक वेळा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं, हे पुढं कळलं. ते एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, डॉक्टरांनीच ते बेताबेतानं उतरवावं लागतं.

आता खरी गोष्ट. ज्यांनी ज्यांनी उपाय सांगितले होते, त्यांतले बरेच जण उपाय लागू पडला नाही म्हटल्यावर माझ्यावरच रागावले. ‘पथ्य पाळलं नसशील’, ‘मनात श्रद्धा नव्हती’, ‘तुला बरं व्हायचंच नाही’. ते मग हळूहळू यायचे बंद झाले. त्यांचं प्रेम माझ्यावर कमी आणि स्वतःच्या उपायावर जास्त होतं, असं माझं मत आहे, आणि ते जरा कडू आहे हे मला माहीत आहे. तात्यांनी माझा सुजलेला चेहरा बघितला, दोन दिवस गप्प राहिले, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘चल, कोल्हापुरात मोठा डाक्टर बघू.’ कूर, मुदाळ तिट्टा, बिद्री असा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, पावसाळ्यातले खड्डे, आणि मागं बसून कण्हणारा पुतण्या. एमआरआय त्यांच्याच पैशानं झाला. आजाराला नाव मिळालं ते त्या दिवशी.

तात्या शहाणे होते असं मी म्हणणार नाही. पुडीवाल्याकडं त्यांनीच नेलं होतं. पण खरं माणूस नेहमी बरोबरच असतं असं थोडंच आहे?

४. सोयरीक जमवताना लपवू नये

माझं लग्न ठरायच्या वेळी आजाराला नाव मिळालेलं होतं. घरातल्या थोरल्यांचं म्हणणं, ‘दिसत न्हाई तर सांगायचं कशाला?’ हे आमच्याकडं घरोघर चालतं, आणि मुलीकडचा आजार लपवला गेला असेल तर पुढं तिचे काय हाल होतात तेही घरोघर माहीत असतं. मी सांगायचं ठरवलं. एक-दोन ठिकाणं चहा पिऊनच संपली. त्या लोकांवर माझा राग नाही.

जिच्याशी लग्न झालं तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: ‘सकाळी किती वाजल्यापासून नीट हालता येतं?’ बरे व्हाल का, मुलांना होईल का, हे सगळे प्रश्न पुढं आले. तिचा पहिला प्रश्न रोजच्या दिवसाचा होता. पंधरा वर्षांपुढची काळजी करणारे पुष्कळ भेटतात. उद्या सकाळी शेजारी कोण असेल, तो प्रश्न वेगळा.

मुलांचं म्हणाल तर १९७३ साली या आजाराचा एचएलए-बी२७ या जनुकीय खुणेशी संबंध सापडला. ती खूण वारशानं येऊ शकते, पण ती असलेल्या बहुतेक माणसांना हा आजार कधीच होत नाही. म्हणून धडधाकट पोराचं रक्त उगाच तपासत बसलो नाही.

५. मौन महाराजांनाच शोभतं

आमच्या तालुक्यात पाटगावला मौनी महाराजांचा मठ आहे. शिवाजी महाराजांनी त्यांचं दर्शन घेतल्याचं सांगतात. गारगोटीतल्या विद्यापीठालाही त्यांचंच नाव, जे. पी. नाईकांनी उभारलेलं मौनी विद्यापीठ. एकूण मौनाचं आम्हाला कौतुक फार. पुरुषाच्या दुखण्याला तर तालमीच्या मुलखात तोंडच नसतं. पण दुखणं जो बोलत नाही त्याची चिडचिड बोलते, आणि ती नेमकी घरातल्या बायकामुलांवर निघते. दुखतंय तेव्हा ‘दुखतंय’ म्हणावं. एकदाच म्हणावं, आणि मग भाजीचं बोलावं.

६. काम काढून घेणाऱ्यापेक्षा काम बदलून देणारा बरा

जुलैत आमच्याकडं भाताची रोप लावण असते. भावकीत पैरा चालतो, आज तुमच्या शेतात, उद्या आमच्या. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोप लावणं मला अशक्य. घरचे म्हणायचे, ‘तू घरात बस.’ त्यात माया होती, पण पावसात सगळी गल्ली शेतात आणि मी सोप्यात एकटा, हे दुखण्यापेक्षा जड जायचं.

एका वर्षी शेजारच्या बांधावरचा दोस्त म्हणाला, ‘वाकू नगंस. तरव्याच्या पेंढ्या तेवढ्या टाकत जा.’ उभ्यानं चालत जायचं, लावणाऱ्यांच्या पुढ्यात पेंढ्या फेकायच्या. मला हालचाल मिळाली, त्यांचा खोळंबा टळला, आणि बांधावरच्या भाकरीवर माझा हक्क राहिला. त्या बारक्याशा व्यवस्थेचं मोल मला कुठल्याही सहानुभूतीपेक्षा मोठं वाटतं. पेंढी अंगावर फेकली म्हणून शिव्याही खाल्ल्या. शिव्या खायला मिळणं म्हणजे माणसांत असणं.

७. फ्रिज कुणाचा आहे, हे लक्षात ठेवावं

गोळ्या आणि व्यायाम पुरेना झाले तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं. अ‍ॅडॅलिम्युमॅब हे औषध आधी फार महाग होतं. डिसेंबर २०१४ मध्ये झायडसनं त्याची भारतीय आवृत्ती आणली, तेव्हा माझ्यासारख्या पगारदाराला निदान विचार तरी करता आला. सुरू करण्याआधी अंगात क्षयाचे जंतू दबून आहेत का ते तपासतात, कारण हे औषध प्रतिकारशक्ती खाली आणतं. पंधरा दिवसांनी एक टोचायचं, आणि ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं.

ही शेवटची अट भुदरगडच्या पावसाळ्यात काय असते ते इथल्यालाच कळेल. वारा सुटला की लाईट जाते, कधी दोन दोन दिवस येत नाही. माझा एक मित्र कोल्ड्रिंकचं दुकान चालवतो, त्याच्याकडं इन्व्हर्टर आहे. त्याच्या फ्रिजमध्ये सोड्याच्या बाटल्यांमागं माझा डबा असतो. भर पावसात रात्री त्याचा फोन येतो, ‘लाईट गेलीया, पर फ्रिज उघडला न्हाई. झोप तू.’ आजाराचं नाव त्याला अजून नीट घेता येत नाही.

८. लाल डोळा म्हणजे दरवेळी ‘डोळे आले’ नव्हे

हे छोटं आहे, पण कामाचं. या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. एकच डोळा लाल, ठणका, उजेड सहन होत नाही. घरचे थेंब घालत बसू नये, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जावं. नजर जाऊ शकते.

९. पुरावा मागणाऱ्या जगाशी भांडावं, पण सगळा वेळ नाही

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मी बसता येत नव्हतं म्हणून उभ्यानं वाचलं. कोवळ्या वयात कमरेखालचं अंग लुळं पडलेल्या या बाईनं १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांची लढाई पायऱ्यांशी, अरुंद दारांशी आणि लोकांच्या कीव करण्याशी. तिची माझ्या लढाईशी तुलनाच नको. पण त्यांना उभारी दिली ती बाबूकाका दिवाण यांनी, जे स्वतः चाकाच्या खुर्चीत होते. आपल्या वाटेवरचं एक तरी माणूस ओळखीचं असावं, हे मी त्यातून घेतलं. निपाणीकडचा एक तरुण मला अधूनमधून पहाटे साडेतीनला मेसेज करतो, ‘सर, जागं का?’ मी बहुधा जागाच असतो.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. माझ्या आजाराचं नाव त्यात नाही. प्रमाणपत्रासाठी सांधे किती अंशात वळतात ते मोजता येतं, पहाटे तीन ते आठ कसे जातात ते कुठल्या यंत्रात मोजायचं? परदेशात यावर एक साधी युक्ती काढलीय. २०१६ मध्येच लंडनच्या गॅटविक विमानतळानं सूर्यफुलाच्या चित्राची हिरवी दोरी काढली. ज्याचं दुखणं दिसत नाही त्यानं ती गळ्यात घालायची, कर्मचारी समजून घेतात. गारगोटी-कोल्हापूर गाडीत मी सूर्यफूल घालून चढलो तर कंडक्टर विचारेल, ‘कुठल्या पक्षाचं हो?’

गाडीत मी दाराशी उभा राहतो, आणि कुणी जागा दिली तर घेतो. नाही दिली तर अर्धा रस्ता उभं राहणंच माझ्या कमरेला मानवतं.

१०. आपणही विचारावं

न दिसणारं दुखणं माणसाला स्वतःतच गुंतवतं. माझ्या बायकोचा गुडघा कधीपासून दुखतोय हे मला शेजारणीकडून कळू नये, एवढी काळजी आता घेतो. कोल्ड्रिंकवाल्या दोस्ताची साखर वाढलीय. तो गोळ्या चुकवतो, आणि मी त्याला रोज सकाळी फोन करून शिव्या देतो.

एक विनंती करून थांबतो. तुमच्या घरात चाळिशीच्या आतलं कुणी तीन महिन्यांहून जास्त कंबर दुखते म्हणत असेल, सकाळी अर्धा तासाहून जास्त आखडलेलं राहत असेल आणि हालचालीनं सैल होत असेल, तर ‘गॅप’ म्हणून सोडू नका, संधिवाततज्ज्ञांना दाखवा. आणि त्याला एकट्याला पाठवू नका. रात्री तो किती वाजता उठून बसतो हे डॉक्टर विचारतील, तेव्हा सांगायला घरातलं कुणीतरी सोबत असू द्या.