मदत घ्यायला खर्च किती येतो?

घरातलं माणूस बोलेनासं होतं. भरल्या ताटावरून उठतं, रात्र रात्र जागं राहतं, 'माझा सगळ्यांना ताप झालाय' असं म्हणायला लागतं. कुणी अचानक पासबुकं, शेताचे कागद दुसऱ्याच्या हवाली करतं. घरच्यांच्या पोटात गोळा येतो. डॉक्टरकडे न्यायला हवं हेही कळतं. तरी पाऊल उचलत नाही, कारण मनात आधी पैशाचा हिशेब सुरू होतो. त्या डॉक्टरांची फी फार असते, औषधं जन्मभर घ्यावी लागतात, असं कुणीतरी सांगितलेलं असतं.

२०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने केली. त्यातले २२,७४६ महाराष्ट्रातले होते. सर्व राज्यांत हा आकडा सर्वांत मोठा. यामागे कारणं एकात एक गुंतलेली असतात: आजार, कर्ज, दारू, घरातली भांडणं, परीक्षा, एकटेपण. पण बहुतेकांच्या बाबतीत जिवावर उठणारी ती वेळ टळू शकते. त्या वेळी कुणी सोबत असलं आणि उपचार मिळाले, की माणूस पुन्हा उभा राहतो. म्हणून मदत कुठे मिळते आणि तिला काय पडतं, हे प्रत्येक घराला गॅसच्या नंबरासारखं माहीत असायला हवं.

शून्य रुपयांत काय मिळतं

पहिली पायरी फोनची. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. नंबर आहे १४४१६. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. दिवसरात्र कधीही, फोनचा आणि सल्ल्याचा एक पैसाही लागत नाही. भाषा निवडताना मराठी घ्यायची. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज दिसली तर पुढे तज्ज्ञ डॉक्टरांशी जोडून देतात. फोन त्रास होणाऱ्यानेच करायला हवा असं नाही. 'माझा भाऊ असं बोलतोय, मी काय करू?' एवढं विचारण्यासाठीही करता येतो. माझं तर म्हणणं असं की घरच्यांनी आधी स्वतः एकदा फोन करावा आणि मग शेजारी बसून त्या माणसाला लावून द्यावा. खचलेल्या माणसाला नंबर दाबायचंही बळ नसतं.

आता जिल्हा रुग्णालयाबद्दल सविस्तर सांगते, कारण याच ठिकाणाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरलाही पैसे नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्ह्याचं सिव्हिल, सगळीकडे हेच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सिव्हिलमध्ये मनोविकारतज्ज्ञ बसतात आणि त्यांचं पथक ठरल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणीही जातं. आपल्या तालुक्याचा वार कोणता, हे आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या नर्सना विचारावं.

जाताना आधार कार्ड, जुनी चिठ्ठी आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्याव्यात, अगदी बीपी-शुगरच्यासुद्धा. सकाळी लवकर जावं, कारण केसपेपरची खिडकी दुपारी बंद होते. खिडकीवर 'मनोविकार' एवढं सांगितलं की पुरे, कारण सांगत बसायची गरज नाही. आत डॉक्टर झोप, भूक, कामातलं लक्ष, दारू-तंबाखू असं विचारतील आणि मग जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, तेही विचारतील. इथे रुग्णाने खरं सांगावं आणि सोबत आलेल्याने मध्येच 'नाही नाही, तसं काही नाही' म्हणू नये. लाजेपोटी उच्चारलेल्या या एका वाक्याने उपचाराची दिशाच चुकते. रांगेमुळे डॉक्टरांना वेळ कमी असतो, हे खरं आहे. म्हणून सांगायच्या चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात.

ससून, घाटी, मेयो अशी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे आहेत, मुंबईतली केईएम, सायन, नायर महापालिकेकडे. तिथे केसपेपरला किरकोळ पैसे पडतात, पण मनोविकार विभाग मोठे आणि अनुभवी आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो, म्हणजे दाखवून, गोळ्या घेऊन घरी येता येतं. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था हेच काम करते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, मग त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे. कुणी कार्डावरून अडवलं तर या कायद्याचं नाव घ्यावं.

खासगीत गेलात तर

खासगी मनोविकारतज्ज्ञांची पहिली फी जिल्ह्याच्या गावी ढोबळमानाने चारशे ते आठशे रुपये, पुण्या-मुंबईत हजार ते अडीच हजार. पुढच्या खेपा त्याहून कमी. फी किती, दुसऱ्या खेपेला किती, फोनवर सल्ला मिळतो का, हे स्वागतकक्षात आधीच विचारावं. त्यात संकोच नको. परवडत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगावं. अनेक जण फी कमी करतात किंवा आपण जिथे सेवा देतात त्या धर्मादाय रुग्णालयात बोलावतात.

समजा, तालुक्याच्या गावी पहिली फी सहाशे, नंतर सहा खेपा प्रत्येकी चारशेच्या आणि औषधं महिन्याला तीनशेची. सहा महिन्यांचा खर्च झाला ४,८०० रुपये. ही रक्कम लहान नाही. पण लोक मनात ज्या आकड्याची धास्ती घेऊन बसतात, त्याच्या जवळपासही ती नाही.

औषधं पुष्कळदा जेनेरिक मिळतात. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात ब्रँडच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीत मिळतात. मात्र डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव स्पष्ट लिहायला सांगा आणि गोळी बदलण्यापूर्वी एकदा त्यांना दाखवा. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. दहा दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलणं हा सर्वांत वाया जाणारा खर्च. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवावी लागते. ती आपल्या मनाने बंद केली तर आजार उलटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढू शकतात. त्यामुळे पहिली फेरतपासणी लवकर करावी, ती पैसे वाचवण्यासाठी टाळू नये. गोळ्याही एका वेळी थोड्याच आणाव्यात.

समुपदेशन वेगळं. एका बैठकीला पाचशेपासून अडीच हजारांपर्यंत मागितले जातात. समुपदेशक औषध देऊ शकत नाही. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर असतो, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला असतो. 'समुपदेशक' अशी पाटी मात्र कुणीही लावतं, म्हणून शिक्षण विचारून घ्या. जिवाला धोका वाटत असेल तर पहिला रुपया डॉक्टरवर खर्च करा, समुपदेशन त्याच्या जोडीने येऊ द्या. दहा-वीस बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याकडे जाऊ नका. कमी खर्चाचे चांगले पर्याय आहेत: टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा फोनवर मोफत समुपदेशन करते, पुण्यातली 'कनेक्टिंग' ही संस्था स्वयंसेवकांमार्फत ऐकून घेण्याचं काम करते, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच संस्था आहे.

दाखल करावं लागलं तर खासगीत दिवसाला काही हजार रुपये मोजावे लागतात. दाखल करताना संस्थेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हे विचारायलाच हवं. व्यसनमुक्तीच्या नावाने कोंडून ठेवणाऱ्या बिननोंदणीच्या जागांवर पैसा घालवू नका. डॉक्टरांनी शॉक उपचार सुचवला तर घाबरून पळू नका. तो भूल देऊनच द्यायचा असतो, भुलीविना देण्यावर कायद्याने बंदी आहे. तीव्र नैराश्यात गोळ्यांच्या आधी गुण देणारा तो उपचार आहे.

विमा आणि पोलिसांची भीती

२०१७ च्या त्याच कायद्यात लिहिलंय की शारीरिक आजारासारखाच मानसिक आजाराचाही आरोग्य विमा द्यावा लागेल. म्हणजे दाखल झाल्याचा दावा 'मानसिक आजार आहे' एवढ्या कारणावर फेटाळता येत नाही. बाह्यरुग्ण फी आणि गोळ्या मात्र बहुतेक पॉलिसींत नसतात, पॉलिसीत तेवढा भाग वाचून पाहा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा नियामकाच्या १५५२५५ या नंबरवर आणि तरीही काही झालं नाही तर विमा लोकपालाकडे. लोकपालाकडे तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारा.

दुसरी भीती पोलीस केसची. आत्महत्येचा प्रयत्न झाल्यावर घरचे 'चुकून झालं' असं सांगतात आणि उपचार लांबतात. २०१७ च्या कायद्याने अशा माणसावर तीव्र ताण होता असंच गृहीत धरायला सांगितलंय, त्याला शिक्षा करायची नाही, उलट सरकारने त्याची काळजी घ्यायची आहे. अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुन्या दंडविधानातलं ३०९ हे कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेत ठेवलेलं नाही. आता सार्वजनिक अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतंच वेगळं कलम आहे. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब होईल, पण त्याला घाबरून डॉक्टरांपासून काही लपवू नका. तातडीच्या वेळी १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत येते. ११२ हाही नंबर आहे. तोवर त्या माणसाला क्षणभरही एकटं सोडू नका.

यातलं सर्वांत स्वस्त काम घरात आहे. फवारणीची औषधं, उरलेल्या गोळ्या कुलूप घालून ठेवा आणि किल्ली त्या माणसाच्या हाती लागणार नाही अशा शेजाऱ्याकडे किंवा नातेवाइकाकडे द्या. तो टोकाचा क्षण बहुतेकदा ओसरतो, आणि त्या वेळी घातक वस्तू हाताशी नसणं हेच जीव वाचवतं. कुलपाला शंभर-दीडशे रुपये पडतात. आणि विचारायला काहीच पडत नाही. 'जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का रे?' असं सरळ विचारल्याने नवा विचार डोक्यात शिरत नाही. विचारलं की माणसाला उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर समजूत घालत, देवाधर्माचे दाखले देत बसू नका. 'बरं झालं सांगितलंस, आता आपण दोघं मिळून बघू' म्हणा आणि तिथूनच १४४१६ लावा.

मुलगा-मुलगी परदेशी शिकत असेल तर त्यांच्या फोनमध्ये तिथला नंबर आजच भरून ठेवायला सांगा: अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये समॅरिटन्सचा ११६ १२३. दोन्ही मोफत आहेत आणि चोवीस तास चालू असतात. विद्यापीठाच्या विम्यात समुपदेशनाच्या किती बैठका बसतात, तेही प्रवेशाच्या वेळी विचारून घ्यायला सांगा.