दुष्काळी कामें आणि वैशाखाचें ऊन्ह

दुष्काळनिवारणासाठीं वर्गणी मागूं लागलें कीं धान्य, वैरण आणि रोख पैसा ह्या तीन गोष्टी दात्यांच्या डोळ्यांपुढें सहज उभ्या राहतात. सांवली ही चौथी गोष्ट कोणाच्या मनांत येत नाहीं. प्रस्तुत निवेदनांत तिच्याविषयींच आम्ही लिहिणार आहों; कारण ज्या मजुरास आपण अन्न देतों तो तें खाण्यास जिवंत राहिला पाहिजे.

दुष्काळी कामांवर गर्दी केव्हां होते? खरीप बुडालें, रब्बीची आशा सुटली आणि शेतांत हातास काम उरलें नाहीं म्हणजे. अर्थात् ऐन उन्हाळ्यांत. १९७२ सालीं पाऊस गेला, आणि महाराष्ट्रांतील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या मे १९७३ मध्यें सुमारें ५० लक्षांवर पोंचली. खडी फोडणें, माती वाहणें, तलाव खणणें, हीं सर्व कामें उघड्या रानांतलीं. ज्या महिन्यांत सुखवस्तु मनुष्य दुपारीं दारें लावून बसतो, त्याच महिन्यांत अर्धपोटी मनुष्यास उन्हांत उभें राहावें लागतें. १८७७ सालीं मजुरी दिवसास एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली गेली, तेव्हां पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची माहिती जमवून सरकारकडे अर्ज केले. त्या पिढीनें पोटाचा हिशेब मांडला. घामाचा हिशेब बहुतांशीं मांडावयाचा राहिला आहे.

शरीराची उष्णता ३७ अंशांच्या आसपास असते व उन्हांत ती घाम वाळल्यानें राखली जाते. घामास पाणी व मीठ हवें, आणि तो वाळण्यास कोरडा वारा हवा. हवा दमट असेल तर घाम नुसता निथळतो, अंग निवत नाहीं. म्हणून कोंकणपट्टीच्या लोकांनीं नागपुराकडील आंकडे वाचून निर्धास्त राहूं नये. खारघर येथें १६ एप्रिल २०२३ रोजीं उघड्या मैदानावरील समारंभास गेलेलीं १४ माणसें उन्हानें दगावलीं. उष्णता ४० अंशांपलीकडे जाऊन मनुष्य असंबद्ध बोलूं लागला कीं तो उष्माघात समजावा. अशा वेळीं कांदा हुंगवीत बसूं नये. सांवलींत नेऊन अंगावर पाणी ओतावें, वारा घालावा व तत्काळ दवाखाना गांठावा. बेशुद्धाच्या तोंडांत पाणी घालूं नये.

आणखी एक गोष्ट मुकादमांच्या सहसा ध्यानांत नसते. उन्हाची संवय होण्यास शरीरास एक ते दोन आठवडे लागतात. त्यामुळें नव्या मजुरास पहिल्या दिवसांतच अधिक धोका असतो. त्याला आरंभीं निमें काम द्यावें हें उघड आहे. परंतु काम मापावर मोजलें जातें. विसांवा घेणाऱ्याचें माप कमी भरतें, मजुरी घटते, आणि ती घटूं नये म्हणून तो बसतच नाहीं. हा तुटवडा कोणीतरी भरून दिला पाहिजे. दात्यांचा पैसा येथें सर्वांत अधिक उपयोगी पडेल असें आमचें मत आहे.

अहमदाबादेंत मे २०१० च्या उन्हांत नेहमींपेक्षां १३०० हून अधिक मृत्यु घडले. पुढें २०१३ सालीं त्या शहरानें आगाऊ इशारे व दवाखान्यांची तयारी ह्यांची रीतसर योजना आंखली. २००५ च्या रोजगार हमी कायद्यांतही कामाच्या जागीं पिण्याचें पाणी, मुलांसाठीं सांवली व औषधपेटी असावी असें लिहिलें होतें. कलम लिहिलें म्हणून झाड उगवत नाहीं, हें आम्हां वकिलीचा धंदा करणारांस इतरांहून अधिक ठाऊक!

तेव्हां विनंति अशी कीं, वर्गणी फाल्गुनांत द्यावी. वैशाखांत वर्तमानपत्रें वाचून आलेल्या रुपयाचा मंडप उभा होईतों मृग लागतो. अडत्यांनीं हमालांकडून माल उतरविण्याचें काम सकाळीं दहाच्या आंत आटपावें; ह्यास एक पैही लागत नाहीं. ज्या बागाईतदारांच्या विहिरीस पाणी आहे त्यांनीं जवळच्या कामावर रोज कांहीं घागरी स्वच्छ पाणी पोंचवावें. लिटरभर पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हें पेय करून वाटणारा एक मनुष्य प्रत्येक कामावर नेमावयाचा आहे. त्याचा पगार एकेका दुकानानें उचलावा. देणगी सांवलीसाठीं किंवा पाण्यासाठीं असल्यास तसें पावतीवर लिहून घ्यावें. ती रक्कम दुसऱ्या खातीं वळविली जाणार नाहीं.