व्यसनात सोबत करतो तो मित्र



या पाठाचा विषय धूम्रपान सोडणे हा आहे. पण हा पाठ फक्त ओढणाऱ्यासाठी लिहिलेला नाही. ज्याच्या घरात, कारखान्यात, वर्गात किंवा सत्संग मंडळात कोणीतरी बिडी-सिगारेट ओढते, अशा प्रत्येकासाठी तो आहे. म्हणजे बहुधा आपल्या सर्वांसाठीच. तुम्ही स्वतः ओढत असाल, तर हा पाठ वाचून झाल्यावर तुमच्या सर्वांत जवळच्या मित्राला वाचायला द्या. पुढचे बरेचसे काम त्याचे आहे.

एका शब्दाचे दोन अर्थ

अनुवादाचे काम करताना काही शब्दांपाशी थांबावे लागते. ‘व्यसन’ हा असाच एक शब्द. आज मराठीत आपण तो दारू, तंबाखू, जुगार यांसाठी वापरतो. संस्कृतात मात्र या शब्दाचा एक जुना अर्थ संकट, आपत्ती असा आहे. खरा बांधव कोणाला म्हणावे, हे सांगणारा एक श्लोक चाणक्यनीतीत आहे. आजारपण, दुष्काळ, शत्रूचा वेढा, अगदी स्मशानापर्यंतचे प्रसंग त्यात मोजले आहेत, आणि त्या यादीत ‘व्यसन’ हा शब्दही येतो. तिथे त्याचा अर्थ संकट असाच आहे. अशा वेळी जो पाठीशी उभा राहतो, तो बांधव, असा श्लोकाचा आशय.

आता हे दोन्ही अर्थ शेजारी ठेवून पाहा. मित्राच्या घरी आग लागली तर आपण त्याला उपदेश करत नाही, बादली घेऊन धावतो. मित्राला व्यसन लागले की मात्र आपण दारात उभे राहून त्याचे चुकले कसे, हे सांगत बसतो. व्यसन हे संकट आहे असे एकदा मनाने मानले, की आपली जागा आपोआप बदलते. आपण न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उठतो आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहतो.

आपले शहर आणि बिडी

जबलपुरात राहणाऱ्यांना हा विषय परका नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी इथे बिडीचा धंदा उभा केला आणि जबलपूर हे बिडीचे मोठे केंद्र झाले. बिडीचे पान भोवतालच्या जंगलातले. तेंदूपत्ता, म्हणजे मराठीत आपण ज्या झाडाला टेंभुर्णी म्हणतो त्याचे पान. मध्य प्रदेश शासनाने 1964 मध्ये कायदा करून या पानाचा व्यापार आपल्या हाती घेतला. महाकोशलातल्या असंख्य घरांत आजही बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात. त्या कष्टकरी हातांबद्दल मनात आदरच ठेवायचा आहे. तंबाखूची धूळ त्यांच्याही श्वासात जाते, हे विसरायचे नाही.

2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार मध्य प्रदेशात 34.2 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. 10.2 टक्के लोक धूर ओढतात आणि 28.1 टक्के लोक गुटखा, खर्रा, खैनी अशा धूररहित तंबाखूच्या आहारी गेले आहेत. काही लोक दोन्ही घेतात. म्हणजे तुमच्या मंडळात तीस माणसे असतील, तर त्यांच्या घरांमध्ये हा प्रश्न कुठेतरी आहेच.

बिडी लहान असते, तिच्यात तंबाखू कमी असतो, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य, असा एक समज आहे. तो खरा नाही. तेंदूचे पान सच्छिद्र कागदासारखे नसते. बिडी विझू नये म्हणून ती वारंवार आणि जोराने ओढावी लागते. त्यामुळे निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकेच किंवा त्याहून जास्त शरीरात जाते.

संगत लागते कशी, सुटते कशी

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला,’ ही म्हण आपण मुलांना धाक घालण्यासाठी वापरतो. वाईट संगतीने वाईट गुण लागतो, एवढाच तिचा अर्थ घेतो. पण म्हणीतला ढवळ्या चांगला असेल तर? गुण तेव्हाही लागतोच.

याचा पुरावा एका मोठ्या अभ्यासात मिळतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावाशी निगडित 12,067 माणसांच्या 1971 ते 2003 या काळातील नोंदी निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर या दोन संशोधकांनी तपासल्या. 2008 मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पती किंवा पत्नीने धूम्रपान सोडले, तर जोडीदार ओढत राहण्याची शक्यता 67 टक्क्यांनी कमी होते. मित्राने सोडले तर 36 टक्क्यांनी, भावंडाने सोडले तर 25 टक्क्यांनी, आणि लहान कचेरीतल्या सहकाऱ्याने सोडले तर 34 टक्क्यांनी. माणसे एकेकटी सोडत नव्हती, ओळखीच्या माणसांचे गटच्या गट एकत्र सोडत होते.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती आपल्याला जास्त विचार करायला लावणारी आहे. जे ओढत राहिले, ते हळूहळू मित्रमंडळाच्या कडेला ढकलले गेले. याकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

गांधीजींच्या आत्मकथेतला एक प्रसंगही या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. किशोरवयात ते आणि त्यांचा एक नातलग मुलगा यांना विडी ओढण्याचा नाद लागला. आधी काकांनी फेकलेली थोटके, मग नोकराच्या खिशातले पैसे चोरून आणलेल्या विड्या. लपवाछपवीने दोघेही पार निराश झाले, आणि त्या निराशेतून परतताना दोघांनीही तो नाद सोडला. नाद दोघांनी मिळून लावून घेतला होता, सोडलाही दोघांनी मिळून. मोठेपणी आपल्याला कधी विडी ओढावीशी वाटली नाही, असे त्यांनी नमूद केले आहे.

शरीरात काय घडते

मित्राला सोबत करायची, तर त्याच्या शरीरात काय चालले आहे हे आपल्याला ठाऊक हवे.

धूर ओढल्यावर काही सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचते आणि क्षणभर बरे वाटते. मेंदूला याची सवय होते. मग निकोटीन मिळाले नाही की चिडचिड, अस्वस्थता, झोप न येणे, लक्ष न लागणे, जास्त भूक लागणे असे त्रास सुरू होतात. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. बहुतेकांचा त्रास तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. एकेक तलफ साधारण काही मिनिटेच टिकते. ती लाटेसारखी चढते आणि उतरते.

म्हणून मित्र पहिल्या आठवड्यात तुमच्यावर खेकसला, तर तो तुमचा अपमान समजू नका. त्या वेळी शरीर बोलत असते.

दुसरी बाजूही त्याला सांगा. शेवटची बिडी विझवल्यानंतर 20 मिनिटांत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उतरू लागतो. 12 तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण पूर्ववत होते. 1 ते 9 महिन्यांत खोकला आणि धाप कमी होते. एका वर्षानंतर हृदयविकाराचा धोका ओढणाऱ्याच्या तुलनेत सुमारे निम्मा राहतो, आणि 10 वर्षांनी फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे निम्मा होतो. कोणत्याही वयात सोडले तरी फायदा होतोच.

मित्राने काय करावे

गाडगेबाबांचे कीर्तन आठवा. ते लोकांना प्रश्न विचारत. उत्तर लोकांच्याच तोंडून येई, आणि स्वतःच्या तोंडून आलेले उत्तर माणूस सहजासहजी विसरत नाही. आपणही इथूनच सुरुवात करू.

1. विचारा आणि ऐका. ‘अजून ओढतोस का रे?’ या प्रश्नात टोमणा आहे. ‘तुला स्वतःला काय वाटतं? सोडावंसं कधी वाटलं का?’ या प्रश्नात जागा आहे. उत्तर लगेच मिळाले नाही तरी चालेल. कोणाला ढकलून नदीपार नेता येत नाही, नाव मात्र तयार ठेवता येते.

2. तारीख ठरवा. ‘बघू, सोडीन एक दिवस’ हा संकल्प नव्हे. येत्या दोन आठवड्यांतला एक दिवस त्यानेच निवडावा. त्या दिवसाच्या आदल्या रात्री घरातल्या बिड्या, काडेपेट्या, राखदाणी सर्व बाहेर काढावे. त्या वेळी तुम्ही तिथे हजर राहा.

3. वेळा ओळखा. बहुतेकांची तलफ ठरलेल्या वेळी येते. सकाळच्या चहाबरोबर, जेवणानंतर, पाळी सुटल्यावर पानठेल्यासमोर. त्यातली एक वेळ तुम्ही उचला. पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकाशी जा आणि त्याच्याबरोबर दुसऱ्या रस्त्याने घरी या. संध्याकाळी ग्वारीघाटावर चालायला न्या. ‘काही लागलं तर सांग’ असे म्हणण्यापेक्षा ‘साडेसहाला येतो’ हे वाक्य जास्त उपयोगी पडते.

4. तलफेची पाच मिनिटे सांभाळा. चार गोष्टी लक्षात ठेवायच्या. थोडे थांबणे, सावकाश खोल श्वास घेणे, घोट घोट पाणी पिणे, हाताला दुसरे काम देणे. खोल श्वास आणि नामस्मरण यांची आपल्याला सवय आहेच, ती इथे कामी आणा. फोन आला तर उचला. रात्री अकरा वाजता आला तरी उचला.

5. जमाखर्च मांडा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हिशेब लिहिल्याशिवाय राहवत नाही, तेव्हा एक वही घाला. समजा, रोजचा खर्च 60 रुपये आहे. वर्षाचे 21,900 रुपये होतात. रोज तेवढे पैसे डब्यात टाका आणि महिनाअखेर त्याच्या मुलांसमोर मोजा. ही रक्कम कशी वापरायची, ते त्या घराने ठरवावे.

6. एक काढून दुसरे लावून देऊ नका. बिडी सोडून गुटखा किंवा खर्रा धरला, तर तंबाखू सुटली असे होत नाही. आपल्या भागात ही पळवाट फार सोपी आहे, म्हणून हे आधीच बोलून ठेवा.

7. वैद्यकीय मदत घ्या. निकोटीनची सवय हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. निकोटीनचे च्युइंग गम, पट्ट्या आणि काही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. केंद्र सरकारची 1800-11-2356 ही निःशुल्क दूरध्वनी सेवा समुपदेशन देते. हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटावरही छापलेला असतो. औषध घेतल्याने संकल्प हलका होत नाही.

आणि जो मित्र स्वतः ओढतो, त्याच्यासाठी एकच विनंती. तुम्हाला आज सोडता येत नसेल, तरी सोडू पाहणाऱ्यासमोर पेटवू नका आणि त्याला ‘एक दम मार, काही होत नाही’ म्हणू नका. मैत्रीत एवढे तरी करता येते.

पाय घसरला तर

बहुतेकांना पहिल्याच प्रयत्नात कायमचे सोडणे जमत नाही. लग्नाच्या मांडवात, एखाद्या मृत्यूनंतर, नोकरीतल्या ताणात हात पुन्हा बिडीकडे जातो. त्या क्षणी मित्राची खरी परीक्षा असते. ‘मला माहीतच होतं’ हे वाक्य गिळून टाका. विचारा, ‘कुठे होतास? कोण सोबत होतं? त्याआधी काय झालं?’ हे उत्तर वहीत लिहा. पुढच्या प्रयत्नासाठी तो नकाशा आहे. एक बिडी ओढली म्हणून मागचे चाळीस दिवस खोटे ठरत नाहीत.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखे आहे, आवरत नाही. भगवान त्याची तक्रार खोडून काढत नाहीत. मन आवरणे कठीण आहे हे मान्य करून ते अभ्यास आणि वैराग्य हा मार्ग सांगतात. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणे. जे पुन्हा पुन्हा करायचे, ते मध्ये कधीतरी चुकणारच.

सत्संग मंडळासाठी

आता कडेला ढकलल्या जाणाऱ्या माणसाकडे वळू. आपल्या मंडळात येणारे काही जण ओढतात आणि लपवतात. वेलची चघळून येतात, मागच्या ओळीत बसतात, आरती झाली की लगेच निघतात. काही जण तर अंगाला वास येईल या भीतीने येणेच बंद करतात. ‘सुटल्यावर येईन’ असे ते मनाशी म्हणतात. ज्या संगतीने ते सुटू शकले असते, तीच त्यांच्या हातून सुटते. हे फार मोठे नुकसान आहे, आणि ते आपल्या नजरेमुळे होते.

शुद्ध होऊन या, अशी अट घालणारी संगत आजाऱ्याला बरे होऊन मग दवाखान्यात बोलावते. तेव्हा मंडळाने स्पष्ट सांगावे: ओढत असाल तरी या, पुढे बसा. कोणाचे नाव सभेत घेऊन कौतुक किंवा निंदा करू नये. संकल्पाचा दिवस ज्याला जाहीर करायचा असेल त्यानेच करावा.

या सप्ताहाचा अभ्यास

रोज रात्री पाच मिनिटे शांत बसून पुढील प्रश्नांचे चिंतन करा. शक्य झाल्यास उत्तरे लिहा.

1. माझ्या ओळखीतले कोण ओढते? त्या व्यक्तीशी मी शेवटचे दुसऱ्या कोणत्या विषयावर मनापासून बोललो?
2. माझ्या कोणत्या बोलण्यामुळे ती व्यक्ती माझ्यापासून लपवू लागली असेल?
3. तिच्या दिवसातली कोणती एक वेळ मी महिनाभर सांभाळू शकतो?
4. मी स्वतः ओढत असेन, तर रात्री अकरा वाजता मी कोणाला फोन करू शकतो? त्या व्यक्तीला मी हे सांगितले आहे का?

रविवारच्या अभ्यासवर्गात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घेऊन या. नाव सांगण्याची गरज नाही, फक्त वेळ सांगा. सोमवारपासून त्या वेळी त्या ठिकाणी हजर राहा.